टेथिसचे अधोगमन : ज्वालामुखीजन्य खडकांतील पुरावा

भारतीय भूपट्ट व आशिया यांच्या दरम्यान पसरलेल्या नवटेथिस महासागराचा तळ आशियाच्या कडेखाली सरकून कसा नाहीसा झाला, याचा तत्कालीन अग्निज खडकांवरून घेतला जाणारा मागोवा. ‘टेथिस’ हे नाव ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८९३ मध्ये रूढ केले.

प्रावरणात गेलेला सागरतळ पुन्हा हाती लागत नाही. लडाखमधील सिंधू-त्सांगपो संधिपट्ट्यात निदार येथे व त्याच्या दक्षिणेस स्पाँगटांग येथे ओफिओलाइट खडक आढळतात. पण ते तळाचे वर उरलेले तुकडे होत. खाली गेलेल्या तळाबद्दल अधिक सांगतात ते त्याच्या माथ्यावर वितळून वर आलेले खडक.

सागरतळाच्या खनिजांत पाणी बद्ध असते. तळ खोल जाऊ लागला की दाब व तापमान वाढून हे पाणी सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. त्यामुळे तेथील खडकाचा वितळणबिंदू उतरतो व शिलारस तयार होतो. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे ही मूलद्रव्ये या पाण्याबरोबर सहज वाहून येतात. नायोबियम व टँटलम मात्र मागे राहतात. परिणामी अशा लाव्ह्यात पहिल्या गटाचे आधिक्य व दुसऱ्याची ठळक तूट दिसते. कोट्यवधी वर्षांनंतरही ही खूण बहुधा टिकते, आणि खडकातील झिरकॉन स्फटिकांत युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजून तिचा काळही ठरवता येतो.

लडाखमधील द्रासचे क्रिटेशस कालखंडातील लाव्हा ही खूण दाखवतात. ते महासागरातच उभ्या राहिलेल्या द्वीपमालेचे आहेत. पाकिस्तानातील कोहिस्तान हा तर अशा मालेचा जवळजवळ संपूर्ण उभा छेद आहे : प्रावरणापासून लाव्ह्यापर्यंतचे थर तिथे पायी फिरून पाहता येतात, आणि जगात असे ठिकाण विरळाच. लेहहून खारदुंग ला चढताना लागणारा करडा ग्रॅनोडायोराइट म्हणजे नाहीशा झालेल्या ज्वालामुखींखाली थिजलेला शिलारस. तिबेटमधील लिंझिझोंग लाव्हाथर आशियाच्या काठावरचे असून त्यांचे वय सुमारे ६.९ ते ४ कोटी वर्षे आहे. म्हणजे महाराष्ट्रात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा बेसाल्ट ओतला जात होता तेव्हा कित्येक हजार किलोमीटर उत्तरेस टेथिसचा तळ गिळला जात होता.

दख्खनचे उद्रेक मात्र अधोगमनाचे नव्हेत, आणि इथेच या पद्धतीची मर्यादा उघड होते. सह्याद्रीतील बुशे शैलसमूहाच्या लाव्ह्यात वर येताना खंडीय कवचाचा अंश मिसळला; त्यामुळे त्यातही नायोबियमची तूट दिसते. तेव्हा एखाद्या सुट्या नमुन्याच्या रसायनावरून महासागर गृहीत धरणे धोक्याचे असते. लाव्ह्यांचा लांब पट्टा, शेजारचा ओफिओलाइट, तसेच लडाखमधील शेरगोल येथे सापडणाऱ्या ब्लूशिस्टसारखे उच्च दाबाचे व कमी तापमानाचे रूपांतरित खडक, हे सारे एकत्र जुळावे लागते.

अधोगमन कधी थांबले यावर मतभेद आहेत. कोहिस्तान-लडाखच्या खडकांतील निओडिमियम व स्ट्रॉन्शियमची समस्थानिक गुणोत्तरे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी बदलतात आणि खंडीय द्रव्याचा शिरकाव दाखवू लागतात. काही संशोधक यात भारताची या द्वीपमालेशी झालेली टक्कर पाहतात व आशियाशी अंतिम मीलन सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी ठेवतात. तिबेटमधील गाळाच्या खडकांवर भर देणारे मात्र टक्करीचा आरंभ सुमारे ६ कोटी वर्षांपर्यंत मागे नेतात.