सायटोक्रोम सी : बटाट्याच्या पेशीपासून मानवी मेंदूपर्यंत

१/९
१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या विज्ञान पदवीधर कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. वडील आणि काका याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. थोरली बहीण म्हणजे विख्यात लेखिका दुर्गा भागवत. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला.

२/९
पुढे ज्या प्रथिनाशी त्यांचे नाव जोडले गेले, ते म्हणजे सायटोक्रोम सी. आज मेंदूच्या विकारांच्या अभ्यासात या प्रथिनाला महत्त्वाचे स्थान आहे. त्याच्या पोटात ‘हीम’ असते, म्हणजे मध्यभागी लोहाचा अणू धरून बसलेली चपटी रचना. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येही हीमच असते. मात्र हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, तर सायटोक्रोम सी पेशीतील तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेते. पेशीचे श्वसन या देवघेवीवर चालते.

३/९
नकाराचा अनुभव या प्रथिनाच्या संशोधनालाही आला होता. चार्ल्स मॅकमन या डॉक्टरने १८८० च्या दशकात प्राण्यांच्या स्नायूंत व अन्य ऊतींत हीमयुक्त रंगद्रव्ये पाहिली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ होपे-सायलर यांनी ती हिमोग्लोबिनच्या विघटनातून आलेली म्हणून मोडीत काढली. त्यांचा अधिकार मोठा होता. मॅकमन यांचे काम विस्मरणात गेले. १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी तीच रंगद्रव्ये पुन्हा शोधली आणि त्यांना ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले. मॅकमन तेव्हा हयात नव्हते.

४/९
१९३७ साली कमलाबाई त्याच केंब्रिजमध्ये पोहोचल्या. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील हिल व भागवत यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये आले. त्याच वर्षी सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर कमलाबाईंना डॉक्टरेट मिळाली.

५/९
याचा अर्थ असा, की जिंतूरच्या शिवारात उगवणारा ज्वारीचा कोंब आणि तो पेरणाऱ्या शेतकऱ्याचा मेंदू एकाच जातीच्या प्रथिनावर श्वसन करतात. मानवी सायटोक्रोम सी १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले आहे, आणि चिंपांझीतील साखळी तर त्याच्याशी तंतोतंत जुळते.

६/९
मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजनचा खप सुमारे २० टक्के. या श्वसनात सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक पदार्थही तयार होतात. पेशीतील विकरे त्यांचा निचरा करतात. वाढते वय, आजार किंवा विषारी द्रव्ये यांमुळे तो निचरा अपुरा पडला, की ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ निर्माण होतो.

७/९
अशा वेळी हीममधील लोहाची हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया होते आणि सायटोक्रोम सी वाहकाचे काम सोडून पेरॉक्सिडेज या विकरासारखे वागू लागते. प्रथिनांमधील टायरोसिन या घटकांत कायमचे बंध पडतात. सायटोक्रोम सीचे रेणू परस्परांत गुंततात, शेजारची प्रथिनेही त्या गुंत्यात ओढली जातात. हीम तुटले, तर सुटलेले लोह आणखी मुक्त मूलके निर्माण करते आणि हे दुष्टचक्र चालू राहते.

८/९
१९१२ साली फ्रेडरिक लेवी यांनी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोळे नोंदवले. त्यांचा मुख्य घटक अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असल्याचे १९९७ साली स्पष्ट झाले. १९९९ साली हाशिमोतो, मास्लिया व सहकाऱ्यांनी दाखवले, की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात सायटोक्रोम सी या प्रथिनाचे गोळे बनवू शकते. रुग्णांच्या लेवी पिंडांतही दोन्ही प्रथिने एकत्र आढळली. एवढ्यावरून सायटोक्रोम सी हेच रोगाचे मूळ कारण ठरत नाही. पण जगवणारे प्रथिन ताणाखाली घातक होऊ शकते, याचा तो ठोस पुरावा आहे.

९/९
होपे-सायलर यांच्या एका निकालाने हे क्षेत्र तीन दशकांहून अधिक काळ मागे राहिले. बंगळूरचा नकार मात्र टिकला नाही. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांनी संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले. मायदेशी परतल्यावर त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी व नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि सामान्यांच्या ताटातील अन्न हा आपल्या अभ्यासाचा विषय मानला. दार ठोठावत राहिलेल्या या स्त्रीचे नाव सायटोक्रोमच्या इतिहासात मॅकमन आणि केलिन यांच्या शेजारी लिहिले गेले पाहिजे.