पालेंके : मंदिराच्या पोटातील राजसमाधी

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यात, दाट अरण्याच्या कुशीत पालेंके ही प्राचीन माया नगरी वसलेली आहे. तेथील एका टप्प्याटप्प्यांच्या पिरॅमिडच्या माथ्यावर ‘शिलालेखांचे मंदिर’ आहे. आतील शिळांवर सहाशेहून अधिक चित्राक्षरे कोरलेली आहेत, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांचा सर्वसाधारण समज असा होता, की इजिप्तचे पिरॅमिड ही थडगी, तर मायांचे पिरॅमिड म्हणजे केवळ देवळाचे उंच चौथरे. हा समज आल्बेर्तो रूस लुइलिये या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननाने मोडीत काढला.

मंदिराच्या फरशीतील एका मोठ्या शिळेला दगडी गुडद्यांनी बुजवलेली छिद्रे होती आणि भिंती फरशीपाशी न थांबता खाली उतरत होत्या. रूस यांनी नेमके हेच हेरले. १९४९ मध्ये शिळा उचलताच दगडमातीने ठासून भरलेला जिना लागला. तो उपसण्यात चार हंगाम गेले. तळाशी बळी दिलेल्या काही व्यक्तींचे सांगाडे होते आणि त्यांच्यापलीकडे एक त्रिकोणी शिळा. १५ जून १९५२ रोजी ती सरकवून रूस आत शिरले. सुमारे नऊ मीटर लांबीच्या त्या दालनाच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या नऊ आकृती होत्या आणि मधोमध कोरीव शिळा होती. ती वेदी असावी, असे आधी वाटले. खालचा दगड पोकळ असल्याचे छिद्र पाडल्यावर कळले. मग नोव्हेंबरमध्ये मोटारीचे जॅक आणि लाकडी ओंडके लावून कित्येक टनांचे ते झाकण उचलण्यात आले. आत हिरव्या जेडच्या तुकड्यांचा मुखवटा ल्यालेला राजा निजला होता. ही दगडी शवपेटी जिन्यातून उतरवणे अशक्यच. म्हणजे समाधी आधी रचून तिच्यावर पिरॅमिड उभारला गेला, हे उघड आहे. समाधीपासून जिन्याच्या कडेने मंदिरापर्यंत एक दगडी नळीही नेलेली आहे. मृत राजाशी जिवंतांचा संवाद राहावा, यासाठी ती असावी असे मानतात.

खरा वाद पेटला तो राजाच्या वयावरून. लेखांनुसार किनिच जनाब पकाल ६०३ मध्ये जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ मध्ये वारला. हाडे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी मात्र वय चाळीस ते पन्नास ठरवले. रूस अखेरपर्यंत हाडांच्या बाजूने उभे राहिले. लिपी वाचणारे लेखाच्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीने राजा वृद्धच असल्याचा निर्वाळा दिला. झाकणावरील चित्रात अंतराळवीर पाहणाऱ्या एरिक फॉन डॅनिकेन यांची कल्पना तेवढी टिकाऊ ठरली नाही, जरी ती जास्त खपली. चित्रात आहे तो पाताळाचा जबडा, विश्ववृक्ष आणि त्यांच्यामध्ये पकाल.

१९९४ मध्ये शेजारच्याच तेराव्या क्रमांकाच्या मंदिरात आणखी एक शवपेटी सापडली. आतील स्त्रीचा देह हिंगुळाने लालभडक माखलेला होता, म्हणून ती ‘लाल राणी’. पेटीवर एकही अक्षर नाही. ती पकालची पत्नी असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रूस यांचे १९७९ मध्ये निधन झाले. त्यांची समाधीही पालेंकेत, त्याच मंदिरासमोर आहे.