पुण्याला हलवा

भोर आणि वेल्हे ह्या भागांतल्या माणसाला दोन शब्द लहानपणापासून पाठ असतात. आवणीच्या चिखलात पायाला फुरसे डसले, बाळंतीण अडली, कौले शाकारताना कोणी घरावरून पडला, की गावातला जाणता माणूस, आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि शेवटी तालुक्याचे इस्पितळ हे सगळे एकच सांगतात : पुण्याला हलवा. कशातून हलवायचे, वाटेत जवळ कोण बसणार आणि पोहोचल्यावर दारात कोण घेणार, ह्यातले काहीही त्या दोन शब्दांत येत नाही. शहरातल्या माणसाला वाटते की रोग्याची कहाणी इस्पितळाच्या दारापासून सुरू होते. आमच्या डोंगरातला रोगी दारात पोहोचतो तेव्हा त्याची निम्मी लढाई होऊन गेलेली असते. ह्या दोन शब्दांना इतिहास आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

पुण्याचे ससून इस्पितळ १८६७ साली उघडले. डेव्हिड ससून ह्या ज्यू व्यापाऱ्याने त्यासाठी मोठी देणगी दिली होती. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची गावे तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होती. म्हणजे रोगी एका राज्यातला आणि मोठे इस्पितळ दुसऱ्या राज्यात. मधे कात्रजचा घाट. घोंगडीची झोळी कळकाला बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा, आणखी चौघांनी पालटासाठी बरोबर चालायचे. ही पद्धत फार जुनी आहे असे मी म्हणत होतो, तेव्हा आमच्याकडच्या एका म्हातारीने मला गप्प केले. ती म्हणाली, ‘जुनी कशाची रे? परवाच्या पावसाळ्यात बघितली की!’

त्या काळी लोक इस्पितळात आनंदाने जात असत असेही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, रँडसाहेबाच्या हुकुमाने गोरे सोजीर घरोघर शिरून आजारी माणूस शोधू लागले, तेव्हा लोकांनी आपले रोगी माळ्यावर आणि अडगळीत लपविले. इस्पितळ म्हणजे माणूस ओढून नेणारे ठिकाण, अशी त्या वेळची भावना होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याकडच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय सहासष्ट. आपल्या मुलखातल्या रुग्णवाहिकेचा इतिहास कोणी लिहिला तर पहिल्या पानावर मोटारीचे चित्र नसावे, त्या पाठीचे असावे, असे मला वाटते.

पुढे राज्ये बदलली. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधी दोन वर्षे, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला होता. नावावरून आमच्याकडे काही लोक त्यांना भोरचे समजतात. ते जन्मले नाशिकला, मात्र शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्यांनी सांगितले की सुरुवातीला निदान चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, सुइणी, औषध देणारा असावा; आणि पुढच्या काळात दहा ते वीस हजार वस्तीला पंचाहत्तर खाटांचे इस्पितळ. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे पहिले सूत्र आहे. १९५२ पासून केंद्रे उभी राहू लागली. पंचाहत्तर खाटा मात्र कागदावरच राहिल्या. चाळीस हजार हा आकडा सपाटीवर एक असतो आणि डोंगरात दुसरा; सपाटीवर चाळीस हजार माणसे बैलगाडीच्या टप्प्यात राहतात, आमच्याकडे ती खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेली असतात. पुढे सरकारनेही हे मानले व डोंगरी भागासाठी वीस हजारांचे माप ठरविले.

ह्याच काळात आमच्या खोऱ्यांतून दुसरी एक गोष्ट बिनबोभाट खाली गेली, ती म्हणजे पाणी. भाटघरचे नवे धरण १९२० नंतरच्या दशकात झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडे गेले. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणेकरांना ते धरण कोणत्या तालुक्यात आहे हे कळले. पुराने शहराचे काय केले ते पुष्कळांनी लिहिले आहे, मी पुन्हा सांगत नाही. मला एवढेच दिसते की धरणाच्या पाण्याला वाट काढून देताना इंजिनिअरांनी वळण, चढ, उतार सगळे मोजले. रोग्याच्या वाटेचे मोजमाप तितक्या आस्थेने कोणी केले नाही.

आता दाराशी येतो. १९९३ साली पुण्याच्या एका कारखान्यात वेल्ह्याकडचा एक तरुण पॉवर प्रेसवर काम करीत होता. ठेकेदाराचा माणूस, म्हणून ई. एस. आय. चे कार्ड नाही. रात्रपाळीत त्याचा हात प्रेसमध्ये सापडला. आम्ही तिघांनी त्याला टेंपोत घातले. पहिल्या इस्पितळात सांगितले, ‘पोलीस केस आहे, आधी चौकीत जाऊन या.’ दुसऱ्यात विचारले, ‘डिपॉझिट कोण भरणार?’ तिसऱ्यात घेतले. दोन बोटे गेली. पहिल्या दारात घेतले असते तर ती वाचली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण मधले तीन तास मी घड्याळ बघून मोजलेले आहेत. आम्ही ते नशीब समजलो. कायदा आपल्या बाजूचा असू शकतो असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

वास्तविक तो कायदा चार वर्षांपूर्वीच सांगून झाला होता. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडविले. जवळच्या इस्पितळाने पोलिसी प्रकरणे घेण्याचा आम्हांला अधिकार नाही म्हणून त्याला वीस किलोमीटर लांब पाठविले, आणि तो वाटेत मेला. परमानंद कटारा नावाच्या गृहस्थांनी ती वर्तमानपत्रातली बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला : आधी जीव, मग पोलिसांचे कागद, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरला हे बंधन आहे. आम्ही मात्र १९९३ साली रात्री चौकी शोधीत होतो.

परंतु मला खरा धक्का दिला तो दुसऱ्या खटल्याने, कारण तो एका युनियनने लढविला. बंगालमधल्या शेतमजुरांच्या संघटनेचा हकीम शेख नावाचा सभासद होता. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी तो मथुरापूर स्टेशनात आगगाडीतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. गावच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, त्यांनी मोठ्या इस्पितळाकडे पाठविले. म्हणजे त्यांच्या भाषेत, कलकत्त्याला हलवा! मध्यरात्रीच्या सुमारास पहिल्या सरकारी इस्पितळाने तपासून ‘ताबडतोब दाखल करावे’ असे लिहिले आणि खाट नाही म्हणून पुढे पाठविले. पुढच्यातही खाट नाही. त्यापुढच्यात मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही. एका ठिकाणी मेंदूचा फोटो पाहून रक्तस्राव आहे हे पक्के केले, आणि तातडीचे प्रकरण इथे होणार नाही म्हणून बाहेर काढले. अशी रात्रभर दारे फिरून सकाळी तो एका खाजगी इस्पितळात पोहोचला. तिथे सुमारे सतरा हजार रुपये खर्च आला. शेतमजुराचे सतरा हजार, १९९२ साली!

संघटनेने खटला सर्वोच्च न्यायालयात नेला. ६ मे १९९६ रोजी न्यायमूर्ती अग्रवाल व नानावटी यांनी निकाल दिला. सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणे. पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. हकीम शेखला पंचवीस हजार रुपये भरपाई. मी हा इंग्रजी निकाल शब्दकोश जवळ घेऊन आठ दिवस वाचला. त्यात एक चौकशी अहवाल उद्धृत केला आहे, त्यातले एक कलम मला पाठ झाले. अर्थ असा, की अत्यवस्थ रोगी आला तर त्याला दाखल करावेच. खाट नसेल तर जमिनीवर किंवा ढकलगाडीवर ठेवावे, खाटेची व्यवस्था मागाहून लावावी. आणि ज्याला परत पाठविले त्याचे नाव, पत्ता, आजार आणि कुठे पाठविले हे सर्व नोंदवहीत लिहावे. ह्याशिवाय न्यायालयाने सांगितले की आरोग्य केंद्रातच रोग्याला स्थिर करण्याची सोय हवी आणि गाडीत प्रशिक्षित माणूस हवा.

केंद्रातच काय होऊ शकते ह्याचा दाखला फार लांब नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाडच्या बाजूला बिरवाडी आहे. तिथल्या आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर काम करू लागले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत. मोठ्या इस्पितळाची वाट तर लांबच. बावस्करांनी रोग्याला हलवायचे सोडून आपणच त्याच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय टिपले. मृत्यू हृदयावरच्या ताणाने येतो हे ओळखले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी देऊन पाहिली. शंभरात तीस-चाळीस मरत, ते प्रमाण दोन-चारांच्याही खाली आले. त्यांचे लेख १९८२ आणि १९८६ साली विलायतेच्या ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आले. प्रत्येक डॉक्टर बावस्कर होणार नाही, हे मला मान्य आहे. रात्री एकटा असलेला, औषधाचे कपाट अर्धे रिकामे असलेला तरुण डॉक्टर ‘पुण्याला हलवा’ म्हणतो तेव्हा तोही घाबरलेला असतो. नातेवाइकांनी त्याच्या अंगावर धावून जाण्याला माझा सक्त विरोध आहे.

२६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात एकशेआठ नंबरच्या गाड्या आल्या. एकूण ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ मध्ये प्राण टिकविण्याची प्रगत साधने, बरोबर डॉक्टर. कलकत्त्याच्या निकालानंतर अठरा वर्षांनी का होईना, झोळीच्या जागी चाके आली आणि अनेकांचे जीव वाचले. गाडीतली माणसे कंत्राटी का, हा प्रश्न मी दुसऱ्या व्यासपीठासाठी राखून ठेवतो. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. पावसाळ्यात धनगरवाड्यांपासून त्या रस्त्यापर्यंत अजून खांदाच लागतो. खाजगी धर्मादाय इस्पितळांबाबतही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना मंजूर केली आहे : दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि तातडीच्या रोग्याला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे. डिपॉझिट भरायला मंगळसूत्र मोडलेल्या बाया मला आजही भेटतात. ह्या योजनेचे नाव त्यांनी ऐकलेले नसते.

म्हणून आम्ही युनियनच्या कार्यालयात एक पद्धत पाडली आहे. सभासदाच्या घरचे कोणी अत्यवस्थ झाले आणि कुठल्याही दारात नकार मिळाला, तर भांडायचे नाही. शांतपणे म्हणायचे, ‘साहेब, घेत नाही एवढे लिहून द्या, वेळ टाकून.’ गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका मुलाने आपल्या बापासाठी असे म्हटले. रात्रीचे पावणेबारा झाले होते. खिडकीतल्या माणसाने कागद पुढे ओढला, पेन उघडले, थोडा वेळ त्या मुलाकडे बघितले आणि मग आतल्या बाजूला हाक मारली : ‘अरे, ढकलगाडी आण रे.’