घर ओढणारा गिअरबॉक्स : हॅम्बुर्ग ते आकुर्डी

जुनी मॅटाडोर किंवा ट्रॅव्हलर घेऊन तिचं चालतंफिरतं घर करायची हौस असलेली मंडळी पुण्यात भेटतात. गाडी बघायला गेले की सोबत मेजरिंग टेप असते. पलंग आडवा बसेल का उभा, ओटा दाराशी घ्यावा का मागे, छताला डोकं लागेल का, यावर तासभर खल होतो. गाडीखाली मात्र कुणी वाकून बघत नाही. खरं तर पलंगाला किती उंची मिळणार, हे ज्या यंत्राने कधीच ठरवून टाकलेलं असतं ते तिथेच असतं. त्या गिअरबॉक्सचं कूळ शोधू गेलं तर पुण्याजवळच्या आकुर्डीवरून थेट हॅम्बुर्गला पोचायला होतं.

हॅम्बुर्गमध्ये ‘विडाल अँड झोन’ नावाचा कारखाना निघाला. त्यांच्या गाड्यांचं नाव टेम्पो. सुरुवात तीनचाकीपासून. स्वस्तात बसावी म्हणून त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि चाक फिरवणारी साखळी असं सगळं पुढच्या एकुलत्या एका चाकाभोवती रचलं. मागची दोन चाकं नुसती भार वाहायला. मागे यंत्रच नसल्यामुळे हौद सपाट, जमिनीच्या जवळ आणि पूर्ण मोकळा मिळाला. काटकसरीतून निघालेली ही युक्ती पुढे या घराण्याची ओळखच झाली. १९४९ साली टेम्पोने मॅटाडोर ही चारचाकी काढली, तिला सुरुवातीला फोक्सवॅगनचं इंजिन होतं, पण ओढ पुढच्याच चाकांना. १९५५ मध्ये हानोमाग या दुसऱ्या जर्मन कारखान्याने कंपनीत निम्मा वाटा घेतला. १९६७ मध्ये हानोमागच्या नावाने नवी व्हॅन आली. मग डायमलर-बेंझने हानोमाग-हेन्शेल (हानोमागचंच पुढचं रूप) गिळली आणि तीच व्हॅन मर्सिडीजचा तारा लावून एल २०६ डी आणि एल ३०६ डी या नावांनी १९७० ते १९७७ विकली गेली.

जर्मनीतल्या फिरस्त्यांनी या व्हॅनची भराभर घरं केली, त्याचं कारण ताऱ्यात नव्हतं, फरशीत होतं. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंत जॉइंट शाफ्ट जातो. त्याच्यावरून फरशी टाकायची म्हणजे ती उंच जाते. आत माणूस ताठ उभा राहायचा तर छतही तेवढंच वर न्यावं लागतं, आणि मग वाऱ्याला गाडी हेलकावते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ही भानगडच नाही. एक पायरी चढलं की घरात. अमेरिकेतल्या जीएमसीनेही नेमका हाच हिशेब केला. १९७३ ते १९७८ या काळात त्यांनी १२,९२१ मोटरहोम बांधली. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचं अजस्र इंजिन पुढे, त्याला साखळीने जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओढ पुढच्या चाकांना आणि मागे सपाट, बुटकी फरशी. ती गाडी आज तिकडच्या जुन्या मोटरहोमवाल्यांचं दैवत आहे.

या सोयीची किंमत घाटात मोजावी लागते. पाण्याची टाकी, गॅस, सामान असं सगळं मागे भरलं की चढावर भार मागच्या चाकांवर सरकतो, पुढची हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरतात. शिवाय वळायचं काम आणि ओढायचं काम एकाच चाकांवर, त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टचे सांधे लवकर झिजतात. म्हणून जुनी गाडी घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ती सावकाश हलवावी. कटकट ऐकू आली तर विकणाऱ्याने चहा पाजला तरी व्यवहार पुढे ढकलावा.

या घराण्याची इकडची शाखा १९५८ ची. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी विडालच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. आधी मुंबईत गोरेगावला हान्झेआट ही तीनचाकी निघाली, मग कारखाना आकुर्डीला आला. पुढे पुण्यात मॅटाडोर बनू लागली आणि बघता बघता कुठलीही छोटी मालगाडी टेम्पो झाली, मग ती कोणत्याही कंपनीची असो. जर्मनीत जिच्या पोटात एक कुटुंब झोपायचं, तिच्या पोटात इकडे अख्खं वऱ्हाड बसलं. दूध, भाजी, मंडपाचे बांबू, शाळेची पोरं, गणपती, सगळं मॅटाडोरने वाहिलं. पुढे तिला मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन मिळालं. तेच इंजिन मर्सिडीज २४० डी या मोटारीत असे.

१९८७ साली आलेली ट्रॅव्हलर मात्र दुसऱ्या घरातली. मर्सिडीजची टी-१ व्हॅन, जर्मनीत जिला ब्रेमेन शहरावरून ओळखत, ती हिची आई. ही मागची चाकं ओढते, म्हणून फरशी उंच. याच टी-१ वर वेस्टफालियाने ‘जेम्स कुक’ नावाचं उंच छताचं मोटरहोम बांधलं, आत न्हाणीघरासकट. म्हणजे आपल्याला अष्टविनायक करवून आणणारी ट्रॅव्हलर ही युरोपातल्या नामांकित जुन्या मोटरहोमची सख्खी बहीण. युरोपात टी-१ चं उत्पादन १९९५ मध्ये आटोपलं, तिची जागा स्प्रिंटरने घेतली. इकडे तो वंश चालू राहिला. कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, तरी रस्त्यावरचा माणूस गाडीला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतो. वंश चालू राहिल्याचा फायदा असा की, जर्मनीत जे काम येणारा कारागीर शोधत हिंडावं लागेल, ते भोसरी-पिंपरीच्या गॅरेजमध्ये रोजचं आहे.

आता गिअरबॉक्सच्या डब्याच्या आत. फ्रान्समध्ये एमिल लवासॉरने १८९१ च्या सुमारास सरकणाऱ्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स मोटारीत बसवला, तेव्हापासून कितीतरी वर्षं गिअर बदलणं म्हणजे फिरत्या दातांवर फिरते दात आपटणं होतं. डबल क्लच मारणारे जुने ड्रायव्हर ज्यांनी पाहिलेत त्यांना तो ताल आठवत असेल: क्लच, न्यूट्रल, एक रेस, पुन्हा क्लच. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला आणि हे कसब ड्रायव्हरकडून एका रिंगेकडे गेलं.

ही रिंग हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पितळी, बांगडीएवढी, बाहेरून बारीक दात आणि आतून किंचित निमुळती. आतल्या बाजूला नखाला जाणवतील इतके बारीक आटे असतात. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, आटे मधलं तेल कापतात, धातूला धातू धरतो, दोन्हींचा वेग सारखा होतो आणि मगच स्लीव्ह पुढे सरकते. आटे झिजून गुळगुळीत झाले की तेल कापलं जात नाही, पकड येत नाही, आणि दांडा रेटला की ‘चर्र’ होतं. मिस्त्री डबा खोलल्यावर रिंग गिअरवर बसवतो, बोटाने दाबतो आणि मधल्या फटीत फिलर गेज घालतो. फट ठरलेल्या मापापेक्षा कमी भरली तर रिंग गेली. घाटात राबलेल्या गाडीची दुसऱ्या गिअरची रिंग सहसा आधी जाते.

डबा न खोलताही बरंच कळतं. गाडी गरम असताना ड्रेन नट काढून तेल उन्हात धरावं. सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे रिंगा झिजताहेत. तेलात लोहचुंबक फिरवला आणि पिठासारखा काळा थर चिकटला तर वयाला धरून आहे. पण टोचतील असे कण निघाले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा ब्रीदरमधून, म्हणजे डब्यातली हवा बाहेर जायच्या वाटेतून. तो टीचभर ब्रीदर चिखलाने बुजला की आतली गरम हवा तेलालाच ऑइल सीलमधून बाहेर काढते. मग लोक सील बदलत बसतात, आणि नवं सीलही महिन्याभरात गळतं.

तेलाच्या बाबतीत नाना पेठेतल्या दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणून भागत नाही. तेलाच्या डब्यावर जीएल-४ आहे की जीएल-५, हा दर्जा बघायला हवा. मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनला सोसावा लागणारा दाब भयंकर, त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त रसायनं असतात. तीच काही तेलांत पितळी रिंगेला खातात, शिवाय तेल इतकं निसरडं की रिंगेची पकड सुटते. ‘भारीतलं घाला’ म्हणणारा मालक अशा वेळी स्वतःच गिअरबॉक्स मारतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घालावं, नंबर आणि दर्जा दोन्ही पाहून.

मालवाहू टेम्पो आणि टेम्पोचं केलेलं घर, यांच्या झिजण्यात एक मोठा फरक आहे, तो घर बांधणारेही ध्यानात घेत नाहीत. टेम्पो माल टाकून रिकामा परततो. घर कधीच रिकामं होत नाही. प्लायवूड, टाक्या, बॅटऱ्या, छतावरचा एसी, हे वजन जातानाही असतं, येतानाही आणि पार्किंगमधून काढतानाही. म्हणून दर चढाला डब्यावर पुरा भार येतो, आणि तेल बदलायची मुदत मालगाडीच्या हिशेबाने धरून चालत नाही. दुसरं, टेम्पो रोज चालतो, घर चार-चार महिने उभं. उभ्या गाडीत तेल खाली बसतं, वरची बेअरिंगं कोरडी पडतात, पावसाळ्यातल्या दमट हवेने त्यांवर गंजाचे ठिपके धरतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि दिवाळीत गाडी काढायला जावं तर गिअर पडत नाही. दर रविवारी पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवणं हा यावर उपाय नाही, त्याने डबा गरमच होत नाही. महिन्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरवावी, सगळे गिअर वापरून.

कात्रजचा जुना घाट उतरताना तिसऱ्यात गाडी ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. दांडा आपोआप न्यूट्रलला आला तर त्याला गिअर उडणं म्हणतात. कारण झिजलेले दात, मेलेली स्प्रिंग किंवा वाकलेला फोर्क. पायाने दांडा अडवून घाट उतरणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाडीत बसू नये. आणि ट्रॅव्हलर बंद पडून ओढून न्यायची वेळ आलीच तर आधी जॉइंट शाफ्ट सोडवावा. इंजिन बंद असताना खालचा ले-शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे तेल वर उडत नाही आणि चाकांमुळे फिरणारा मेन शाफ्ट कोरडाच घासतो. पन्नास किलोमीटर ओढलेली गाडी घरी पोचते, पण सोबत गिअरबॉक्सचं बिल घेऊन.

सुट्या भागांचं पाहिलं तर ट्रॅव्हलरवाल्याला अजून काळजी नाही. मात्र जर्मन टी-१ आणि आपली ट्रॅव्हलर एकाच कुळातल्या म्हणून सगळे भाग जुळतील असं धरून चालू नये, दात मोजून आणि नंबर ताडूनच घ्यावेत. मॅटाडोरचं अवघड आहे. मॅटाडोर बंद होऊन बरीच वर्षं झाली, रस्त्यावरच्या बहुतेक भंगारात गेल्या, आणि पुढच्या चाकांना ओढ देणारा तिचा गिअरबॉक्स ट्रॅव्हलरच्या डब्यातून उभा करता येत नाही. तेव्हा कुणाच्या शेतावर, गोठ्यामागे किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात मॅटाडोर सडत असेल, तर पत्रा खुशाल भंगारात द्या. पुढची चाकं, ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्स तेवढा काढून तेल भरून ठेवा, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पार्ट्सचं पुस्तक सापडलं तर ते रद्दीत घालू नका.