लोण्याच्या गावाची गोष्ट : फिनलंडने खाण्याची सवय कशी बदलली?

"डॉक्टर, महिन्याभराचा एखादा कडक डाएट प्लॅन द्या ना!" हे वाक्य दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. प्लॅन दिला की पेशंट तो मनापासून पाळतात. तीन-चार किलो वजन उतरतं. मग घरात लग्न निघतं किंवा दिवाळी येते आणि दोन महिन्यांनी वजनकाटा पुन्हा पहिल्या आकड्यावर! अशा वेळी मी त्यांना एका प्रांताची गोष्ट सांगतो. आज ती तुमच्यासाठी.

हार्ट अटॅकचा प्रांत

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून नॉर्थ कॅरेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी आणि छोटी छोटी शेतं. 1970 च्या सुमारास इथली लोकसंख्या होती साधारण 1 लाख 80 हजार. पुरुष लाकूडतोडीची आणि शेतीची अंगमेहनत करणारे. बघितलं तर एकदम धडधाकट. तरीही हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण इथे जगात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी होतं. चाळिशी-पन्नाशीतला कर्ता माणूस अचानक जायचा. असं घर नाही असं गाव सापडणं कठीण होतं.

कारण ताटात होतं. घरोघरी गाई, त्यामुळे सायीचं दूध आणि लोणी भरपूर. पावावर लोण्याचा जाड थर, स्वयंपाकही लोण्यातच. डुकराचं मांस, खारवलेले पदार्थ, मीठ सढळ हाताने. भाज्या म्हणजे गुरांचं खाणं, अशी अनेकांची समजूत. शिवाय निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढणारे. युद्धकाळातली टंचाई पाहिलेल्या पिढीला लोणी म्हणजे सुबत्तेची खूण वाटायची. आपल्याकडे पाहुण्याच्या पानात तूप सढळ वाढतात, त्यातलाच प्रकार!

लोकांनीच मदत मागितली

1971 मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला : आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. 1972 मध्ये प्रकल्प सुरू झाला. त्याचे प्रमुख होते पेक्का पुस्का, वय अवघं 27 वर्षं.

पुस्कांच्या चमूला एक गोष्ट लवकर कळली. दवाखान्यात बसून "लोणी सोडा" असं सांगून भागणार नाही. घरात रोज तेच रांधलं जात असेल आणि दुकानात तेच मिळत असेल, तर एकटा माणूस किती दिवस तग धरणार? म्हणून ते 'मार्था' या गृहिणींच्या संघटनेकडे गेले. गावोगावी मेळावे भरले. तिथे भाषणाऐवजी जेवण असायचं. नेहमीचाच कॅरेलियन रस्सा, पण मांस कमी आणि भाज्या जास्त. लोक जेवायचे आणि मग रेसिपी विचारायचे.

सॉसेज बनवणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला राजी केलं गेलं. दूधव्यवसायाचा विरोध झाला, आणि तो साहजिकही होता, कारण अनेकांचं पोट गाईंवर होतं. मग त्या थंड हवेत उत्तम येणाऱ्या बेरी पिकवायला शेतकऱ्यांना मदत दिली. फिनलंडमध्ये येणाऱ्या मोहरीवर्गीय पिकाचं तेल हळूहळू लोण्याची जागा घेऊ लागलं. टीव्हीवर सिगारेट सोडण्याचे कार्यक्रम झाले. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी गावागावांत स्पर्धा लागल्या.

निकाल यायला किती वर्षं लागली?

पहिल्या पाच वर्षांत कोलेस्टेरॉल, बीपी आणि सिगारेट यांत घट दिसली आणि 1977 नंतर हेच काम देशभर नेलं गेलं. पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल 1972 मध्ये साधारण 265 होतं, ते 2007 पर्यंत 210 च्या आसपास आलं. 35 ते 64 वयाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त कमी झाले. पण यासाठी लागली तब्बल 35 वर्षं!

सगळं श्रेय खाण्याला देणं बरोबर नाही. सिगारेट कमी झाली, बीपीवर उपचार मिळू लागले, हृदयविकारावरची औषधं सुधारली. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले. तरी अभ्यासकांच्या मते या घसरणीत सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरण्याचा होता, आणि ते उतरलं मुख्यतः ताट बदलल्यामुळे. एक आघाडी मात्र हातची गेली. अंगमेहनत कमी झाली आणि लोकांची वजनं वाढली.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. 2007 ते 2012 या काळात फिनलंडमध्ये कोलेस्टेरॉल पुन्हा थोडं वर गेलं. कार्बोहायड्रेट टाळून लोणी खाण्याची नवी टूम आली होती. म्हणजे 35 वर्षांची सवयसुद्धा गृहीत धरून चालत नाही.

आपण काय घ्यायचं?

• एका वेळी एकच बदल करा. लोणचं-पापड रोजचं असेल तर आठवड्यातून दोनदा. तो अंगवळणी पडला की पुढचा.

• नेहमीचाच पदार्थ सुधारा. पोह्यात तेल कमी, मटार-गाजर जास्त. वेगळं 'डाएटचं जेवण' फार दिवस टिकत नाही.

• स्वयंपाक जो करतो त्याला सोबत घ्या. पेशंटसाठी वेगळी भाजी नको, सगळ्या घराचं ताट बदला.

• रोज चाला. फिनलंडची निसटलेली बाजू हीच होती.

• वजनासोबत बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासा. आणि चालू असलेली औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी माझ्याकडे महिन्याचा प्लॅन मागायला आलात, तर मी आधी एवढंच विचारेन : यातलं काय तुम्ही दहा वर्षांनीही खात असाल? जे उत्तर येईल, तिथूनच आपण सुरुवात करू.