शून्याचा वाटा

गतवर्षी चतुर्थीच्या सुमारास एक तरुण गृहस्थ आमच्या कचेरीत आले. वडिलार्जित घर गहाण टाकून रक्कम उभी करण्याचा दस्तऐवज त्यांस करून हवा होता. हातात एक लहानशी वही होती. मांडवीतील कॅसिनोच्या बोटीवर रुलेटच्या चक्रात कोणकोणते आकडे पडले, ते तीत तारीखवार टिपलेले होते. ‘‘वकीलबाब, काळा सात वेळा आला की आठव्यांदा लाल यायलाच हवा,’’ असे ते मोठ्या श्रद्धेने म्हणाले. या श्रद्धेचा इतिहास आणि तिचे गणित वाचकांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

द्यूत आम्हांस नवे नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा पश्चात्ताप आहे. नलोपाख्यानात तर याहून सूक्ष्म गोष्ट आहे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नल मोजून पाहतो, तो संख्या बरोबर निघते. ती विद्या, म्हणजे अक्षहृदय, हस्तगत झाल्यावरच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो. संख्येचे ज्ञान झाले की कलीचा अंमल सरतो, असे आमच्या पूर्वजांनी सुचविले आहे.

यूरोपात हे अक्षहृदय १६५४ साली पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून प्रकट झाले. द्यूतातील डाव अर्धवट मोडल्यास पैशाची वाटणी कशी करावी, या प्रश्नातून संभाव्यतेचे शास्त्र जन्मास आले. रुलेटचे चक्रही पास्कलनेच शोधले असे सांगण्याची प्रथा आहे, पण तिला विश्वसनीय आधार नाही. ‘रुलेट’ म्हणजे लहान चाक. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पाले-रोयाल भागात ते फिरू लागले होते. १८३७ अखेर फ्रान्सने द्यूतगृहे बंद केली, तेव्हा ब्लाँ बंधू जर्मनीत होम्बुर्ग येथे गेले आणि १८४३ साली त्यांनी दोन शून्यांऐवजी एकच शून्य असलेले चक्र मांडले. पुढे १८६३ मध्ये फ्राँस्वा ब्लाँ याने मोनॅको संस्थानातील द्यूतगृहाचा मक्ता घेतला. त्या उत्पन्नाच्या बळावर संस्थानिकाने १८६९ साली प्रजेवरील प्रत्यक्ष कर उठविले. मात्र प्रजेने स्वतः त्या गृहात खेळू नये, असा निर्बंध घातला. राज्यकर्त्यास चक्राचे मर्म कळले होते, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती?

ते मर्म असे. एकशून्य चक्रात ३७ खाने असतात : १ ते ३६ हे आकडे, त्यांत १८ लाल व १८ काळे, आणि एक हिरवे शून्य. एकाच आकड्यावर रुपया लावून तो आकडा आल्यास ३५ रुपये मिळतात. दोन आकड्यांच्या जोडीवर १७, चौकडीवर ८, बारा आकड्यांच्या गटावर २, आणि लाल-काळ्यावर रुपयास रुपया. आता सदतीस खान्यांवर एकेक रुपया लावला असे धरा. एक घर निश्चित लागेल. ३५ रुपये आणि मूळचा एक मिळून ३६ परत येतील. लावले ३७, आले ३६. दान ३७ खान्यांत पडते आणि हिशेब मात्र ३६ खाने असल्यासारखा होतो. हा राहिलेला एक रुपया म्हणजे शेकडा २.७०. लाल लावा वा चौकडी लावा, सरासरीने हाच वाटा जातो. दोन शून्ये असली की बहुतेक डावांत तो शेकडा ५.२६ होतो. चक्रात कपट असण्याची गरजच नाही.

हा वाटा खिशातील रकमेवर नव्हे, तर प्रत्येक वेळी लावलेल्या रकमेवर पडतो, हेही ध्यानी धरावे. १०० रुपयांचा डाव २०० वेळा खेळणारा एकंदर २०,००० रुपये लावतो. त्याचा सरासरी तोटा सुमारे ५४० रुपयांचा होतो.

आता त्या वहीकडे वळू. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लो येथे एका चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा आला. आता लाल येणारच, या भरवशावर लोक रकमा वाढवीत गेले आणि बुडाले. गोटीला स्मरण नसते. प्रत्येक फेरीस लालाचा संभव ३७ पैकी १८ इतकाच राहतो. हरल्यावर रक्कम दुप्पट करावी, ही युक्तीही तशीच. एक रुपयापासून आरंभ करून दहा वेळा हरले, तर १,०२३ रुपये गेलेले असतात आणि पुढील डावास १,०२४ लागतात. तेही एक रुपया मिळविण्यासाठी. शिवाय डावाची कमाल मर्यादा द्यूतगृहाने ठरवून ठेवलेली असतेच.

मनूने द्यूत सर्वथा निषिद्ध मानले. कौटिल्याने ते द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली चालू देऊन जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घेण्यास सांगितले. समसमान डावात हा भाग लावलेल्या रकमेच्या सुमारे अडीच टक्के पडतो, म्हणजे शून्याच्या वाट्याहून फारसा वेगळा नाही. भेद इतकाच की, तो भाग उघड होता आणि जिंकणाऱ्याकडून मागून घेतला जाई. चक्रातील वाटा कोणी मागत नाही, म्हणून तो जातो हे कोणास कळत नाही. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ पासून दुरुस्त्या होऊन कॅसिनोंस वाट मिळाली. अनुज्ञा मिळाली म्हणून गणित बदलत नाही.

त्या तरुणास आम्ही हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. ते हसले, पटल्यासारखे दिसले नाहीत. मग आम्ही सांगितले की, आमच्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे, पतिपत्नीची मालमत्ता समाईक असता, स्थावर गहाण टाकण्यास पत्नीची संमती लागते. तेव्हा उद्या त्यांना घेऊन या. ते गप्प झाले. कुरुसभेत द्रौपदीने विचारलेला अधिकाराचा प्रश्न तिला पणास लावल्यानंतर विचारावा लागला; येथे तो आधी विचारला जातो, हे केवढे भाग्य!

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. वही मात्र आमच्या मेजावरच राहिली आहे.