खंडरचना, नामाची व्याप्ती आणि निश्चित मूल्यदान

संगणकभाषांच्या इतिहासात ‘नाम कोठपर्यंत चालते’ आणि ‘त्या नामास मूल्य लाभले आहे काय’ हे दोन प्रश्न दीर्घकाळ पृथक् राहिले. पहिल्याचे उत्तर १९६० साली पॅरिस येथील सभेत सिद्ध झालेल्या अल्गॉल ६० या भाषेने दिले. पीटर नाऊर यांनी संपादिलेल्या अहवालानुसार ‘बिगिन’ व ‘एंड’ यांमधील खंडात घोषित केलेले चल त्या खंडापुरतेच होय. खंडात पुनः प्रवेश झाला असता, ‘ओन’ ही घोषणा नसल्यास, त्याचे पूर्वमूल्य उरत नाही. परंतु मूल्य दिल्यावाचून चल वाचू नये, ही दक्षता आज्ञावलीकाराकडेच राहिली.

१९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेतही हीच स्थिती होती. सामान्य स्थानिक चल आरंभमूल्यावाचून वाचल्यास स्मृतीच्या त्या जागेतील जुना अवशेषही हाती येई.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या जावा भाषेने हे दोन्ही प्रश्न एकत्र आणले. गॉस्लिंग, जॉय व स्टील यांच्या १९९६ मधील भाषानिर्देशग्रंथाचे सोळावे प्रकरण सर्वस्वी ‘निश्चित मूल्यदाना’स वाहिलेले आहे. वस्तूच्या घटकचलांना शून्य, असत्य अथवा ‘नल’ ही मूल्ये आपोआप मिळतात. स्थानिक चलास मात्र वाचनापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर मूल्य दिलेले असलेच पाहिजे.

या नियमाची किंमतही आहे. ‘न’ दोहोंहून अधिक असल्यास ‘क’ला ३ द्यावे, आणि पुढील स्वतंत्र ‘इफ’मध्ये ‘न’ दोन वा कमी असल्यास ४ द्यावे, असे लिहिले तर ‘क’ला मूल्य मिळणारच, हे वाचकास उघड दिसते. तरीही कंपायलर ही आज्ञावली नाकारतो. दुसऱ्या अटीऐवजी ‘एल्स’ लिहिताच स्वीकारतो. कारण, स्थिर सत्यासत्यपदे वगळता, अटींच्या मूल्यांचा विचार तो करीत नाही.

हा कंपायलरचा मंदपणा नव्हे. प्रत्येक आज्ञावलीचे वर्तन आधीच ठरविणारी सर्वसाधारण यांत्रिक रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या संशोधनातून निष्पन्न होते. रेषा कोठेतरी आखणे भागच होते. ती ग्रंथातच आखल्यामुळे सर्व कंपायलरांचा निर्णय एक झाला. शिवाय जावाची आज्ञावली जाळ्यावरून परक्या यंत्रावर जाणारी. तेथेही चालण्यापूर्वी तिची अशीच तपासणी होते आणि परक्या स्मृतीतील अवशेष वाचण्याची वाट बंद होते. काही निर्दोष आज्ञावल्या नाकारून एकही सदोष वाचन आत येऊ न देणे, हा या नियमाने पत्करलेला सौदा होय.